मोटार गंगापुरात, धूळ वणीत

लेखमाला : वीज येते कुठून? – लेखांक ५

गेल्या आठवड्यात आपण शेतातल्या डीपीपासून निघालो. उपकेंद्र आणि उच्चदाब वाहिनी असा उलटा प्रवास करत औष्णिक केंद्राच्या दारापर्यंत पोचलो. तो लेख वाचून लासूर स्टेशनच्या एका शेतकरी वाचकांनी विचारलं, "तिकडं जमिनीला मोबदला मिळतो, घरटी नोकरी मिळते. मग कोळशानं त्या लोकांचं नुकसान होतं ते नेमकं काय?" प्रश्न रास्त आहे आणि तो मनात असलेले वाचक बरेच असणार. आजचा लेखांक त्याच्या उत्तरासाठी.

आधी आपल्याच बांधावरचा हिशेब मांडू. पाच अश्वशक्तीची मोटार आठ तास चालली की साधारण ३० युनिट वीज लागते. आपल्याकडच्या औष्णिक केंद्रांत एक युनिट तयार व्हायला ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे कपाशीला किंवा उसाला एका पाळीचं पाणी द्यायचं तर २० किलोच्या आसपास कोळसा लागतो. आपल्या देशी कोळशात राखेचं प्रमाण ३० ते ४० टक्क्यांपर्यंत असतं, त्यामुळे त्यातली सहा-सात किलो तर नुसती राखच उरते. शिवाय तो कोळसा वर यावा म्हणून आधी त्याच्यावरची माती आणि दगड हलवावे लागतात. विदर्भातल्या खुल्या खाणींत एक टन कोळशामागे सरासरी पाच घनमीटरांहून जास्त दगडमाती काढली जाते. आपल्या एका पाळीच्या वाट्याला त्यातली दोन क्विंटल तरी येते.

घरगुती बिलावर स्थिर आकार असतो, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार आणि वीज शुल्क असतं. ती दोन क्विंटल दगडमाती कुणाच्या शिवारात पडली आणि तिची धूळ कुणाच्या छातीत गेली, याचा रकाना बिलात नाही. तो रकाना नसल्यामुळेच कोळशाची वीज आपल्याला आहे त्यापेक्षा स्वस्त दिसते.

कोळसा तिकडेच का?

गंगापूरच्या जमिनीखाली कोळसा मिळणार नाही. आपण दख्खनच्या काळ्या कातळावर राहतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या भेगांतून वाहिलेल्या लाव्हाचे हे थर आहेत. कोळसा त्याहून फार जुना, पंचवीस कोटी वर्षांच्याही मागचा. त्या काळच्या दलदलीतली झाडं गाळाखाली गाडली गेली, दाबली गेली आणि त्यांचा कोळसा झाला. भूगर्भशास्त्रात या खडकांना गोंडवाना म्हणतात. लाव्हाचं आवरण जिथं संपतं किंवा पातळ होतं, तिथं हे खडक वर दिसतात. वर्धा नदीचं खोरं तसं आहे. नदीच्या एका काठाला यवतमाळ जिल्ह्यातली वणी आणि चंद्रपूर जिल्ह्यातलं राजुरा, दुसऱ्या काठाला चंद्रपूर जिल्ह्यातलीच वरोरा, भद्रावती, घुग्घुस, बल्लारपूर ही नावं. नागपूरच्या बाजूला उमरेड, कामठी, सावनेर.

या पट्ट्यातली खाणकामाची सुरुवात इंग्रजांच्या अमदानीतली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वरोऱ्याला कोळसा निघू लागला आणि त्यासाठी वर्ध्याहून रेल्वे टाकली गेली. १९७३ मध्ये कोळसा खाणींचं राष्ट्रीयीकरण झालं. १९७५ मध्ये कोल इंडियाची उपकंपनी म्हणून वेस्टर्न कोलफिल्ड्स लिमिटेड स्थापन झाली, तिचं मुख्यालय नागपूरला. तिकडं सगळे तिला 'वेकोलि' म्हणतात. २०२३-२४ मध्ये वेकोलिच्या महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशातल्या खाणींतून सुमारे ६ कोटी ९० लाख टन कोळसा निघाला. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २,९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सर्वांत मोठ्यांपैकी एक. तिथून मुंबईजवळच्या पडघ्यापर्यंत एकदिश प्रवाहाची उच्चदाब वाहिनी आली ती नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. कोळशाच्या तोंडाशी वीज करायची आणि ती पश्चिमेकडच्या कारखान्यांना व शहरांना पोचवायची, अशी ही रचना आहे. आपल्या तालुक्यातलं वाळूज त्या पश्चिमेतच मोडतं.

सपाट मुलखात उभे राहिलेले डोंगर

कोळसा दोन रीतींनी काढतात. भुयारी खाणीत खाली उतरून थरात बोगदे पाडतात आणि छत पेलायला कोळशाचेच खांब ठेवतात. खुल्या खाणीत वरची जमीन सोलून थर उघडा करतात. खुली खाण स्वस्त पडते, लवकर उत्पादन देते आणि मोठी यंत्रं तिथं चालवता येतात. त्यामुळे गेल्या चार-पाच दशकांत वर्धा खोऱ्यात खुल्या खाणींचंच राज्य आलं.

अमेरिकेत अ‍ॅपलाचियन पर्वतरांगेत, वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकी या राज्यांत, हेच काम डोंगरावर चालतं. तिथं सुरुंगांनी डोंगरमाथा उडवतात, मधला कोळसा काढून घेतात आणि निघालेली दगडमाती शेजारच्या दरीत लोटतात. दरीतला ओढा त्याखाली गाडला जातो. डोंगर सपाट होतो आणि खालच्या वस्तीला पूर, गढूळ विहिरी आणि धूळ मिळते.

वर्धेच्या काठी डोंगर नव्हते. खाणींनी ते उभे केले. वणीहून घुग्घुसकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही अंगांना राखाडी-पिवळ्या मुरमाचे पन्नास-साठ मीटर उंचीचे डोंगर दिसतात. खाणीतून उपसलेली ही दगडमाती. कागदोपत्री तिला 'ओव्हरबर्डन' म्हणतात, गावात नुसतं 'ओबी'. हे ढिगारे अनेकदा नाल्यांच्या आणि नदीच्या काठापर्यंत सरकले आहेत. पावसाळ्यात त्यावरचा गाळ खालच्या शेतात उतरतो आणि पुराचं पाणी पसरायची जागा उरत नाही. २०२२ च्या जुलैत वर्धा नदीला पूर आला तेव्हा भद्रावती आणि वणी भागातल्या गावांची तक्रार हीच होती की, पाणी आधी जिथून निघून जायचं तिथं आता ओबी उभी आहे.

नियम सांगतो की वरची सुपीक माती वेगळी साठवावी, खाण पुढं सरकेल तसा मागचा खड्डा भरावा आणि त्यावर ती माती पसरून झाडं लावावीत. काही ढिगाऱ्यांवर झाडं उभी राहिलीही आहेत. पण काळी कसदार जमीन तयार व्हायला हजारो वर्षं लागतात. सुबाभूळ नि बांबू तग धरून राहिले म्हणजे तिथं पुन्हा कपाशी-तूर होईल असं नाही. आणि खाण संपते तिथं बहुतेकदा शेवटचा मोठा खड्डा पाण्यानं भरून तसाच राहतो, कारण शेवटी त्यात घालायची दगडमाती शेजारी डोंगर होऊन बसलेली असते.

विहिरींचं गणितही याच खड्ड्याशी जोडलेलं आहे. खाण दोन-तीनशे फूट खोल गेली की भोवतालचं भूजल तिच्याकडं धावतं. काम चालू ठेवायचं तर ते रात्रंदिवस पंपांनी उपसावं लागतं. आजूबाजूच्या विहिरींची पातळी त्याबरोबर खाली जाते. शेजारच्या शेतकऱ्यानं खोल बोअर घेतला की आपल्या विहिरीचं काय होतं, हे गंगापूरच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथला बोअर अर्ध्या किलोमीटर रुंदीचा असतो.

छातीचा हिशेब

आता आरोग्याकडे वळू. कोळशाच्या पट्ट्यात धूळ चार वाटांनी येते. खाणीतल्या ब्लास्टिंगची, ओबी वाहणाऱ्या डंपरांची, रेल्वे सायडिंगवर कोळसा उतरवताना-भरताना उडणारी आणि कोळशाच्या ट्रकांनी रस्त्यावर सांडून चाकांखाली बारीक केलेली. तिच्यात डिझेलचा धूर मिसळतो. सायडिंगवर पडून राहिलेला कोळसा हवेच्या संपर्कानं आपोआप तापून धुमसतो, त्याचा धूर वेगळा. आणि खाणपट्ट्यातल्या कितीतरी घरांत अजून सिगडीत कोळसाच पेटतो, तो तर थेट चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नाकात.

डोळ्यांना दिसणारी धूळ नाकातच अडते. धोका न दिसणाऱ्या धुळीचा. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक कण श्वासनलिकेत उतरतात, आणि त्याच्याही चौथाईएवढे कण फुफ्फुसाच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत पोचतात. तिथं शरीराच्या पहारेकरी पेशी त्यांना गिळतात. कोळशाचे कण त्यांना पचवता येत नाहीत. दगडातली सिलिका असेल तर ती पेशीच मरते आणि तिच्यातून बाहेर पडलेल्या रसायनांनी भोवती सूज येते. सूज बरी होताना व्रण राहतो. असे व्रण वर्षानुवर्षं साठत गेले की लवचीक फुफ्फुस भिजून वाळलेल्या चामड्यासारखं ताठर होतं. माणसाला आधी चढावर दम लागतो, मग सपाटीवर, मग बसल्या जागी. कोळशामुळे होणाऱ्या या रोगाला न्यूमोकोनिओसिस म्हणतात, सिलिकामुळे होणाऱ्याला सिलिकोसिस. व्रण भरून येण्याचं औषध नाही, आणि धुळीतलं काम सुटल्यावरही रोग पुढं सरकत राहू शकतो. सिलिकानं दुबळ्या झालेल्या फुफ्फुसात क्षयाला शिरकाव सोपा होतो, हेही वैद्यकशास्त्राला शंभर वर्षांहून अधिक काळ माहीत आहे.

खाण कामगारासाठी निदान कागदावर तजवीज आहे. १९५२ च्या खाण कायद्याच्या परंपरेत कामाला लागताना आणि नंतर ठरावीक वर्षांनी वैद्यकीय तपासणी, छातीचा एक्स-रे, रोग निघाला तर खाण सुरक्षा महासंचालनालयाला कळवणं हे सगळं येतं. २०१७ च्या कोळसा खाण विनियमांनी श्वासात जाणाऱ्या धुळीची कामाच्या जागेची मर्यादा घनमीटरला ३ मिलिग्रॅमवरून २ वर आणली. कायम कामगाराला वेकोलिचा दवाखाना आहे. मात्र ओबी हलवण्याचं काम आता मोठ्या प्रमाणात ठेकेदारांकडे आहे. ठेकेदार बदलला, डंपरचालक दुसऱ्या साइटवर गेला, की पाच वर्षांपूर्वीचा त्याचा एक्स-रे आणि आजचा एक्स-रे शेजारी ठेवून पाहणार कोण?

आणि खाणीच्या फाटकाबाहेरच्या माणसाचं काय? सर्वसाधारण भारतीय नागरिकासाठी २००९ च्या मानकांनुसार हवेतल्या दहा मायक्रॉनपर्यंतच्या धुळीची २४ तासांची मर्यादा घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आहे. कोळसा खाणींसाठी मात्र २००० सालची वेगळी अधिसूचना आहे. तीत वर्धा, नागपूर, उमरेड या जुन्या कोळसाक्षेत्रांसाठी हीच मर्यादा ३०० आहे. गंगापूरच्या लेकराच्या फुफ्फुसासाठी जे मर्यादेच्या तीनपट ठरतं, ते खाणीलगतच्या हद्दीत नियमात बसतं. फुफ्फुस मात्र दोन्हीकडचं सारखंच.

२००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं आयआयटी दिल्लीच्या मदतीनं देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला. चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथं आलं. अतिप्रदूषित ठरलेल्या क्षेत्रांच्या त्याच यादीत आपलं औरंगाबादही होतं, हे इथं आठवण म्हणून सांगतो. २०१० च्या जानेवारीत अशा क्षेत्रांत नव्या उद्योगांना परवानगी देण्यावर काही काळ स्थगिती आली. हवा, पाणी मोजलं गेलं, गुण दिले गेले, आराखडे झाले. माणसाची छाती मोजण्याची सक्ती त्यात कुणावर आली नाही. वणी, भद्रावती किंवा राजुऱ्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात खोकला घेऊन आलेल्या बाईच्या केसपेपरवर तिच्या घरापासून खाण किती दूर आहे, हे लिहायला जागा नसते. तिला कफाचं औषध मिळतं, क्षयासाठी थुंकी तपासली जाते. ती निगेटिव्ह निघाली की ती घरी जाते आणि तिचा खोकला कुठल्याही नोंदीत राहत नाही.

माझ्या मते या सगळ्या प्रश्नाचं मूळ इथं आहे. टन मोजले जातात, मेगावॉट मोजले जातात, रॉयल्टी पैशापर्यंत मोजली जाते. ज्याची मोजदादच नाही त्याची भरपाई कुणाकडं मागायची?

वेचणीला काळा कापूस

आता एक गोष्ट जवळून पाहू, कारण ती आपल्या पिकाची आहे. दिवाळीच्या सुमारास कपाशीचं बोंड उकलतं तेव्हा आतला कापूस किंचित ओलसर असतो. दोन-तीन दिवस उन्हात फुलून तो वेचणीला येतो. वणी परिसरात कोळशाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांच्या कडेला नेमक्या याच दिवसांत पाऊस थांबलेला असतो, रस्ता वाळलेला असतो आणि धूळ उडू लागते. उकललेल्या बोंडावर ती बसते. पहाटेच्या दवानं ओलावली की तंतूंत मुरते. पाकळी ओढली तर बोटांना काजळी लागते. वेचणाऱ्या बाईच्या नखांत, ओटीत, पदरावर तीच. झटकून कापूस पांढरा होत नाही, कारण धूळ वरच्या वर राहत नाही.

असा कापूस घेऊन शेतकरी बाजारात जातो. व्यापारी मूठभर कापूस ओढून पाहतो, लांबी बघतो, ओल बघतो, रंग बघतो. रंगात मार खाल्लेल्या कापसाची प्रत उतरते, भाव तोडला जातो. रस्त्यालगतच्या शेतकऱ्यांनी यासाठी भरपाई मागण्याच्या, ट्रक अडवण्याच्या बातम्या त्या भागातून वर्षांमागून वर्षं येतात. ज्याची जमीन खाणीत गेली त्याला काही मोबदला तरी मिळाला. ज्याची जमीन खाणीच्या शेजारी राहिली, त्याची ना जमीन गेली ना धूळ टळली. तो सरकारी भाषेत प्रकल्पग्रस्त होत नाही.

नुकसानीचा हा प्रकार गंगापूरच्या शेतकऱ्यानं मनात नीट धरावा. क्विंटलमागे तुटलेले दोनशे-तीनशे रुपये, आटलेल्या विहिरीमुळे चुकलेला रब्बी, ब्लास्टिंगनं तडकलेली भिंत, दम्याच्या पंपाचा महिन्याचा खर्च, दवाखान्याच्या फेरीत बुडालेली मजुरी. प्रत्येक रक्कम छोटी. त्यातली एकही कोळशाच्या टनाच्या किमतीत धरलेली नाही. ती रोज त्या घरातून जाते.

दोन एकरांमागे एक नोकरी

आता 'घरटी नोकरी'कडे येऊ. कोळशाची जमीन घेण्यासाठी १९५७ चा वेगळा कायदा आहे, कोळसाधारक क्षेत्र संपादन आणि विकास कायदा. कलम ४ ची अधिसूचना निघाली की त्या भागात कोळशाचा शोध सुरू होतो. कलम ७ ची निघाली की संपादनाचा इरादा जाहीर होतो आणि हरकतीला ३० दिवस मिळतात. कलम ९ ची घोषणा झाली की जमीन सरकारची आणि सरकारकडून कंपनीची. २०१३ च्या भूसंपादन कायद्यातली मोबदला आणि पुनर्वसनाची कलमं २०१५ पासून याही कायद्याला लागू झाली. सामाजिक परिणामांचा अभ्यास मात्र इथं लागू नाही. गावावर काय परिणाम होईल हे आधी तपासण्याची वाट जिथं सर्वांत जास्त हवी, तिथंच ती बंद आहे.

कोल इंडियाच्या २०१२ च्या धोरणानुसार दर दोन एकरांमागे एक नोकरी. दोन एकरांहून कमी असेल तर दोघा-तिघांनी सातबारे एकत्र करून एक नाव द्यायचं. चार एकरांचे तीन भाऊ असतील तर नोकऱ्या दोन. कुणाच्या पोरानं लागायचं, यावरून घरं फुटतात. बहिणींकडून आधीच हक्कसोड घेतलेलं असतं. नोकरी म्हणजे महिन्याचा पक्का पगार, दवाखाना, क्वार्टर. ज्याला मिळाली त्याचं आयुष्य खरोखर सुधारलं, हे मान्य केलंच पाहिजे. या पगारांवर तिकडच्या मुलांची शिक्षणं झाली, बाजारपेठा उभ्या राहिल्या.

पण मक्त्यानं शेती करणारा, सालदार, कपाशी वेचून वर्ष काढणारी बाई, गायरानावर शेळ्या चारणारं आदिवासी कुटुंब, गावातला सुतार आणि लोहार यांच्या नावावर सातबाराच नसतो. शेत गेलं की शेतावरचं काम जातं. ज्याच्याकडं काहीच नव्हतं त्याचं सर्वस्व जातं आणि यादीत त्याचं नाव येत नाही.

जी नोकरी मिळते तीही आता आटत चालली आहे. १९७५ मध्ये कोल इंडिया सुरू झाली तेव्हा तिचं वार्षिक उत्पादन ७ कोटी ९० लाख टन होतं. २०२३-२४ मध्ये ते ७७ कोटी टनांवर गेलं. कायम कामगार मात्र एके काळच्या सहा लाखांवरून सव्वादोन लाखांच्या आसपास आले. उरलेलं काम यंत्रं आणि ठेकेदारांची माणसं करतात. वेस्ट व्हर्जिनियानं हा रस्ता आपल्या आधी चालून पाहिला आहे. १९४० च्या दशकात तिथं सव्वा लाखाच्या घरात खाण कामगार होते, आता पंधरा हजारही नाहीत. तिथल्या मॅकडॉवेल परगण्याची लोकसंख्या १९५० मध्ये जवळपास ९९ हजार होती. २०२० च्या जनगणनेत ती १९ हजारांवर आली. कोट्यवधी टन कोळसा देऊन झाल्यावर तो देशातल्या गरीब परगण्यांत मोजला जातो.

पायाखालची पोकळी

खाण बंद झाली म्हणजे प्रश्न संपला असंही होत नाही. २६ ऑगस्ट २०२२ ला घुग्घुसच्या आमराई वॉर्डात संध्याकाळी एक घर हादरू लागलं. घरातली माणसं बाहेर पळाली आणि बघता बघता अख्खं घर साठ-सत्तर फूट खोल जमिनीत गेलं. खाली जुनी, बंद पडलेली भुयारी खाण होती. जीव वाचले ते क्षणांच्या फरकानं. भोवतालची घरं रिकामी करून लोकांना दुसरीकडं हलवावं लागलं.

असं का होतं? भुयारी खाणीत छत पेलणारे कोळशाचे खांब शेवटी-शेवटी काढून घेतात. त्याला डिपिलरिंग म्हणतात. त्या पोकळीत वाळू भरली तर जमीन टिकते. ती नीट भरली नसेल, किंवा ठेवलेले खांब पाण्यानं कमकुवत झाले असतील, तर वीस-चाळीस वर्षांनीही वरची जमीन बसू शकते. घुग्घुससारखी गावं खाणीच्या आधाराने वाढली आणि खाणीच्या पोकळीवर वसली. कुठल्या वॉर्डाखाली किती खोलीवर काय आहे, याचा नकाशा खाण कंपनीच्या कपाटात असून भागत नाही. तो नगर परिषदेच्या भिंतीवर असायला हवा.

पैसा आहे

यावर नेहमी विचारलं जातं की, यासाठी पैसा आणायचा कुठून? पैसा आहे. कोळशावर किमतीच्या १४ टक्के रॉयल्टी राज्याला मिळते. शिवाय २०१५ च्या दुरुस्तीनंतर जुन्या खाणींना रॉयल्टीच्या ३० टक्के रक्कम जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावी लागते. म्हणजे १०० रुपयांच्या कोळशामागे १४ रुपये रॉयल्टी आणि वर ४ रुपये २० पैसे प्रतिष्ठानाला. हा पैसा खाणबाधितांसाठीच आहे. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार त्यातला किमान ७० टक्के पिण्याचं पाणी, आरोग्य, पर्यावरण, शिक्षण अशा अग्रक्रमाच्या कामांवर खर्च व्हायला हवा, आणि खाणीपासून १५ किलोमीटरपर्यंतचा भाग थेट बाधित धरला जातो. रस्ते, सभागृहं आणि इमारती उभ्या करणं सोपं असतं, त्यांचं उद्घाटन करता येतं. पंधरा किलोमीटरच्या परिघातल्या प्रत्येक माणसाच्या फुफ्फुसाची क्षमता फुंकणीच्या साध्या यंत्रावर दर दोन वर्षांनी तपासायची आणि ती नोंद वीस वर्षं जपायची, याचं उद्घाटन होत नाही. गरज मात्र याचीच आहे.

अमेरिकेतल्या खाण कामगारांनी हा रकाना लढून मिळवला. १९६८ च्या नोव्हेंबरात वेस्ट व्हर्जिनियातल्या फार्मिंग्टनच्या खाणीत स्फोट होऊन ७८ कामगार गेले. पुढच्या फेब्रुवारीत हजारो कामगारांनी काळ्या फुफ्फुसाच्या रोगासाठी, म्हणजे न्यूमोकोनिओसिससाठी, संप केला आणि १९६९ मध्ये देशव्यापी कायदा झाला. १९७८ पासून कोळशाच्या प्रत्येक टनावर कर घेऊन त्यातून रोगी कामगारांना भत्ता दिला जातो. छातीची किंमत टनाच्या किमतीत घातली गेली ती अशी. तो निधी आज कर्जात आहे, त्यात शेजारच्या गावकऱ्याला जागा नाही, आणि रोगही संपलेला नाही. पातळ थर काढताना आता दगड जास्त कापला जातो, त्यामुळे सिलिका वाढली. २०१३ ते २०१७ या काळात व्हर्जिनियातल्या तीन दवाखान्यांत या रोगाच्या सर्वांत गंभीर अवस्थेतले ४१६ रुग्ण सापडले. ते सापडले, कारण तिथं एक्स-रे काढले जातात आणि ठेवले जातात.

गंगापूरनं यात काय करायचं?

आपण हे दुःख ओळखू शकतो असं मला वाटतं, कारण आपल्या तालुक्यानं दुसऱ्यांच्या उजेडासाठी जमीन दिलेली आहे. १९६५ ते १९७६ या काळात जायकवाडी उभं राहिलं, तेव्हा गोदाकाठची शंभरावर गावं पाण्याच्या रेघेत आली. पैठण, नेवासा, शेवगाव यांच्याबरोबर आपल्या गंगापूरचीही. त्याच धरणाचं पाणी पुढं परळीच्या औष्णिक केंद्रापर्यंत जातं. २०१३ च्या दुष्काळात पाणी नाही म्हणून परळीचे संच बंद पडले होते. कोळसा वर्धेकाठचा, पाणी गोदेकाठचं, आणि दोन्हीकडं किंमत मोजणारा शेतकरीच. आपल्याकडच्या धरणग्रस्तांच्या नावांची निदान यादी झाली होती. वणी-भद्रावतीतल्या धूळग्रस्तांची यादीच झालेली नाही.

म्हणून लासूरच्या वाचकांना माझं उत्तर असं : मोबदला जमिनीला मिळतो, सातबारावर नाव असलेल्याला मिळतो आणि एकदा मिळतो. नुकसान श्वासाचं, पाण्याचं, पिकाच्या प्रतीचं आणि मजुरीचं होतं, ते सगळ्यांचं होतं आणि रोज होतं.

यावर तीन मागण्या ठामपणे करता येतात. खाणींच्या १५ किलोमीटर परिघात फुफ्फुसांच्या आजारांची कायमची नोंदवही सुरू करावी आणि तिचा खर्च खनिज प्रतिष्ठानानं उचलावा. वर्धा खोऱ्यातल्या गावकऱ्यांसाठी हवेची मर्यादा तीच असावी जी बाकीच्या महाराष्ट्रासाठी आहे. आणि कोळसा मार्गालगतच्या शेतकऱ्याला व भूमिहीन मजुराला बाधितांच्या यादीत स्थान मिळावं. या मागण्या वणीचे लोक आपापल्या परीनं करतातच. त्या विजेच्या टोकाकडून, म्हणजे आपल्याकडूनही झाल्या तर त्यांचं वजन वाढेल. आपले आमदार त्याच विधानसभेत बसतात.

दुसरं काम आपल्या शिवारातलं. सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून आहे, सौर पंपांची योजनाही आता गावोगाव पोचली आहे. दिवसा पाणी मिळतं आणि रात्रीच्या पाळीतला साप-विंचू टळतो, एवढाच तिचा फायदा नाही. दर पाळीमागे वीस किलो कोळसा आणि दोन क्विंटल दगडमाती जागच्या जागी राहते. गावात वाहिनीसाठी गायरान देण्याचा ठराव ग्रामसभेपुढं येईल तेव्हा चराईच्या प्रश्नाबरोबर हाही हिशेब मांडावा.

मात्र इथून एक अवघड प्रश्न निघतो. कोळशाची गरज कमी झाली तर घुग्घुस, बल्लारपूर आणि वणीच्या ज्या घरांची चूल खाणीवर पेटते, त्यांचं काय? धूळ त्यांनीच खायची आणि रोजगारही त्यांचाच जायचा, हे चालणार नाही. सप्टेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कोळसा खाणींची वाटपं रद्द केल्यावर भद्रावतीजवळची बरांजची खाण बंद पडली. तिथला कोळसा कर्नाटकातल्या वीज केंद्राला जायचा. गाव अर्धं उठलेलं, पुनर्वसन अर्धवट आणि काम थांबलेलं, अशा स्थितीत तिथल्या लोकांनी वर्षं काढली. खाण बंद करण्याचीही एक रीत असते, तिचा आराखडा असतो आणि त्यासाठी बाजूला ठेवायचा पैसाही असतो.

(पुढील आठवड्यात लेखांक ६ : खाण बंद होते तेव्हा – बरांजचा धडा आणि कोळशानंतरची वणी)